नाव सांगण्यास नकार

पाळकसाहेब वारले तेव्हा त्यांच्यामागे एक बिनलग्नाची लेक आणि अकरा पेट्या कागद उरले. मुलगाही होता, पण तो समुद्रापलीकडे डॉक्टरकी करत होता आणि त्याचं पत्र यायलाच दोन महिने लागायचे. तेव्हा उरली ती लेकच. वय अडतीस. शाळेत बालवर्ग शिकवायची, म्हणून गाव तिला तोंडावर 'बाई' म्हणायचं. पाठ वळली की 'नक्कल'.

हे नाव काही दुष्टपणानं पडलं नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना बाबा चर्चच्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. रविवारचे दोन उपदेश तर लिहायला हवेत. ते सांगायचे, ती लिहायची. व्यासपीठावर वाचताना ते अडखळू नयेत म्हणून तिनं अक्षरही त्यांच्यासारखंच काढायला सुरुवात केली. तोच उजवीकडचा झुकाव, ओळीच्या शेवटी तीच लांबलेली शेपटी. तीन महिन्यांत मनगट बरं झालं, पण लिहायचं काम तिच्याकडेच राहिलं. पुढं पुढं तर कागद पाहून यातलं बापाचं कुठलं आणि लेकीचं कुठलं हे त्या दोघांनाही सांगता यायचं नाही. बाबा हसून म्हणायचे, "आमच्या घरात एकच हात आहे, माणसं तेवढी दोन आहेत."

हसायचे ते क्वचितच. दगडफोड्याचा मुलगा. खाणीत बापाला भाकरी द्यायला जायचा आणि बाप जेवेपर्यंत दगडावर बसून बायबल पाठ करायचा. कुणा भल्या माणसाच्या नजरेत भरला, प्रेस्बिटेरियन मंडळींनी त्याला कॉलेजात धाडलं, आणि सत्ताविसाव्या वर्षी पाळक होऊन, बायको आणि एक ट्रंक घेऊन तो या गावात उतरला. नदीकाठी सूतगिरणी, गिरणीमागं कामगारांच्या खोल्यांच्या रांगा, चढावर चर्च आणि चर्चला लागून पाळकांचं घर. एकोणिसावं शतक तेव्हा अजून निम्मंही सरलं नव्हतं. तिथून ते हलले ते थेट शवपेटीतूनच.

माणूस सोपा नव्हता. उपदेशात कुणी घोरायला लागलं तर ते थांबायचे आणि म्हणायचे, "मी जरा हळू बोलतो, आपल्या एका बंधूची झोप मोडायला नको." त्या बंधूला पुढचे सहा महिने तोंड लपवायला जागा सापडत नसे. पण तापाची साथ आली तेव्हा कबरी खणणारा म्हातारा तिसऱ्याच दिवशी गेला, आणि सगळं गाव दारं लावून बसलं असताना पाळकसाहेबांनी कोट काढून कुदळ हातात घेतली. एकवीस कबरी खणल्या. घरात शिरण्याआधी अंगणात उघड्यानं साबण लावून अंघोळ करायचे आणि खिडकीतून बघणाऱ्या पोरांना ओरडून आत पिटाळायचे. गावात शाळा नव्हती, ती त्यांनी उभी केली. गिरणीत बोटं झिजवणाऱ्या पोरापोरींना तिथं लिहिता-वाचता आलं. नक्कलही तिथंच शिकली आणि तिथंच शिकवायला लागली.

म्हणून ते गेल्यावर चरित्र निघणार हे कुणाला ठरवावं लागलंच नाही. दफनानंतर आठ दिवसांत समिती झाली. अध्यक्ष झाले धाकटे गिरणीवाले. त्यांचे वडील, थोरले गिरणीवाले, या चर्चचे ज्येष्ठ पंच होते. या मंडळीत पाळक एकटा काही ठरवत नाही, निवडलेले पंच आणि पाळक मिळून कारभार हाकतात, आणि थोरल्यांच्या शब्दाबाहेर तीस वर्षं इथली सतरंजीसुद्धा हलली नव्हती. ते वारल्यावर त्यांची खुर्ची मुलाकडे आली.

"बाई, कागद तुमच्याइतके कुणाला ठाऊक आहेत?" धाकटे गिरणीवाले म्हणाले. "तुम्ही निवडा, स्वच्छ नक्कल करून द्या. छापायचं आम्ही बघतो." 'नक्कल' हा शब्द तोंडातून गेला तसा त्यांनी उगाच घसा खाकरला.

नव्या पाळकांना घर रिकामं करून द्यायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात कागद उरकायचे होते. तिनं पेट्या बाबांच्या अभ्यासिकेत ओळीनं मांडल्या आणि सकाळी शाळा, दुपारी कागद असा नेम धरला. बालपण झालं, साथ झाली, शाळेची स्थापना झाली. मग 'मंडळीतील शिस्त' नावाचं प्रकरण आलं.

शिस्त म्हणजे काय, तर मंडळीतल्या कुणाच्या हातून पाप घडलं तर पंचांपुढं चौकशी व्हायची. गुन्हा कबूल झाला की त्या माणसानं तीन रविवार व्यासपीठासमोरच्या बुटक्या बाकावर सगळ्यांच्या देखत उभं राहायचं. नक्कलच्या आठवणीत असं फारसं घडलं नव्हतं, पण जुन्या काळी घडायचं. चौकशी चालू असताना पाळकसाहेब पेन्सिलीनं सुट्या कागदावर टिपण करायचे आणि नंतर तेच शाईनं सभेच्या मोठ्या वहीत उतरवायचे. वही चर्चची, सुटे कागद पेटीत.

आता नक्कल करणाऱ्याची एक खोड असते. दोन प्रती समोर आल्या की तो ओळीला ओळ लावून बघतोच. पाळकसाहेबांच्या इथल्या सहाव्या वर्षातल्या एका सभेची वहीतली नोंद अशी होती: "सदर स्त्री, अविवाहित, गरोदर असल्याचे कबूल करते. त्या पुरुषाचे नाव विचारले असता सांगण्यास नकार दिला. तीन रविवार उभे राहण्याची शिक्षा. नाव सांगेपर्यंत मुलाचा बाप्तिस्मा होणार नाही."

ही स्त्री कोण हे नक्कलला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. पुलाखालच्या खोलीत राहणारी धुणेवाली. पाळकांच्या घरचे कपडे पस्तीस वर्षं तीच धूत होती. हट्टी बाई, पोर मेलं तरी नाव सांगितलं नाही, असं गाव तिच्याबद्दल बोलायचं. त्या बोलण्यात थोडं कौतुकही असायचं.

नक्कलनं सुटा कागद काढला. पेन्सिल फिकी झाली होती, पण बाबांचं अक्षर तिनं अंधारातही ओळखलं असतं. "नाव विचारले. सांगितले: आपले ज्येष्ठ पंच. पुन्हा विचारले. तेच सांगितले. पुन्हा विचारले. गप्प."

तिनं कागद खाली ठेवला, हात धुऊन आली आणि पुन्हा वाचला. मग त्या वर्षाची रोजनिशी काढली. दुसऱ्या दिवसाखाली चारच ओळी होत्या. "ज्येष्ठ पंच सायंकाळी आले. शाळेच्या जागेचे दानपत्र सही करून आणले होते. कालच्या गोष्टीविषयी ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. शाळा झाली पाहिजे."

तिसऱ्या दिवसाखाली हवामान होतं.

दोन दिवस ती वर्गावर गेली खरी, पण पोरांनी पाटीवर काय गिरवलं ते तिला दिसलं नाही. मनातल्या मनात बाबांचं वकीलपत्र घेऊन ती भांडत होती. बाईनं आधी नाव घेतलं असेल आणि मग घाबरून मागं घेतलं असेल. किंवा खोटं सांगितलं असेल, तेव्हा ती थोरल्या गिरणीवाल्यांच्या घरी मोलकरीण होती, काही राग असेल. किंवा बाबांनी चौकशी करून खात्री केली असेल आणि ते लिहायचं राहिलं असेल. बाबा आणि लिहायचं राहून जाईल! तिचं तिलाच हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पूल उतरून धुणेवालीकडे गेली. पस्तीस वर्षं ही बाई त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात गाठोडं टाकून जात होती, पण तिचं दार नक्कल पहिल्यांदाच बघत होती. खोलीत वाफ कोंडली होती. कोपऱ्यात तांब्याचं मोठं भांडं चुलीवर खदखदत होतं, निळीचं पाणी एका बादलीत, खळ दुसरीत, आणि छताला दोऱ्या बांधून कुणाकुणाच्या चादरी टांगलेल्या. धुणेवाली इस्त्री करत होती. पंचावन्नची, खांदे पुरुषासारखे रुंद, हात कोपरापर्यंत लाल.

"कपडे शनिवारी होतील," ती वर न बघता म्हणाली.

"कपड्यांसाठी नाही आले. तुम्हाला एक विचारायचं होतं."

इस्त्री थांबली. "आज 'तुम्ही' कुठून निघालं?"

नक्कलला कानशिलं तापल्यासारखी झाली. ती उभीच राहिली. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं आणि बसायला जागाही नव्हती. "त्या वेळी पंचांपुढं... तुम्ही नाव सांगितलं होतं?"

धुणेवालीनं इस्त्री चुलीच्या कडेवर ठेवली, दुसरी तापलेली उचलली, तिच्यावर थुंकी टाकून चरचर ऐकली आणि मग बोलायला लागली. आवाजात काही चढउतार नव्हता.

"बाजारभाव विचारल्यासारखं विचारतेस. सांगितलं होतं की. पहिल्याच झटक्यात. तो समोरच बसला होता, मधल्या खुर्चीत, पोटावर हात ठेवून. मी बोट करून दाखवलं. तुझा बाप लिहीत होता. पेन्सिल थांबली. मान वर करून म्हणाला, 'नीट विचार करून नाव सांग.' मी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा म्हणाला, 'नाव सांग.' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या माणसाला ऐकू येतंय, पण ऐकायचं नाहीये. मग मी गप्प बसले. विसाव्या वर्षी जेवढी अक्कल असते तेवढी होती. ते गप्प बसणं त्यांनी वहीत घातलं असेल."

"हो," नक्कल म्हणाली.

"मला वाचता येत नाही, पण तेवढं कळलं होतं. तीन रविवार उभी राहिले. तुझ्या बापाचा त्या दिवसांतला उपदेश फार चांगला झाला म्हणतात. मुलगी झाली. दोनदा गेले बाप्तिस्म्यासाठी. म्हणाला, 'नाव सांगितल्याशिवाय मला करता येत नाही.' आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. चौथ्या महिन्यात डांग्या खोकल्यानं गेली. कबरस्तानात उत्तरेच्या भिंतीशी पुरलीय, बाप्तिस्मा न झालेल्यांना पुरतात तिथं."

नक्कलला काहीतरी बोलायला हवं होतं. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "मग तुम्ही आमचे कपडे का धुतलेत इतकी वर्षं?"

"तुझ्या आईनं दिले म्हणून. तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात गाठोडं बांधून स्वतः घेऊन आली. पाळकाच्या बायकोनं दिले म्हटल्यावर बाकीच्यांनीही दिले. नाहीतर मला कोण हात लावू देणार होतं?" तिनं उशीचा अभ्रा उलटला. "त्याच्या गळ्यातली ती पांढरी पट्टी मी दर आठवड्याला इस्त्री करायचे. एकदाही डाग पडू दिला नाही. काम चोख करते मी. तू मात्र सोळा वर्षांची असताना एक कॉलर हरवली म्हणून दारात उभं राहून म्हणाली होतीस, 'तुझ्यासारखीवर भरवसा ठेवायचा तरी कसा?' कॉलर तुझ्या भावाच्या बॅगेत सापडली. ते सांगायला कुणी आलं नाही."

नक्कलला ती कॉलर आठवत नव्हती. तेच जास्त लागलं.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"मला विचारतेस?" पहिल्यांदाच धुणेवालीनं इस्त्री आडवी ठेवून तिच्याकडे नीट बघितलं. "तुला आता हलकं व्हायचंय. हो बापडी. मला एकच हवं. बाप्तिस्म्याच्या वहीत माझ्या मुलीचं नाव नाहीये. ते घाल." आणि तिनं नाव सांगितलं. दोन अक्षरांचं, साधंसुधं. घराबाहेरच्या माणसासमोर ते पहिल्यांदाच उच्चारल्यासारखं तिनं ते जपून उच्चारलं.

त्या आठवड्यात समितीची बैठक गिरणीच्या कचेरीत होती. खाली यंत्रं धडधडत होती, टेबलावरची दौत थरथरत होती. धाकटे गिरणीवाले, दोन पंच आणि नवे पाळक. नवे पाळक तिशीतले, गोरेगोमटे, बोलायला गोड. चर्चमध्ये ऑर्गन बसवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि धाकट्या गिरणीवाल्यांनी त्याला जवळजवळ होकार दिला होता. नक्कलनं सुटा कागद आणि रोजनिशी टेबलावर ठेवली. वाचून दाखवायची हिंमत होईना, म्हणून नुसती पुढं सरकवली.

धाकट्या गिरणीवाल्यांनी शांतपणे वाचलं. त्यांचा चेहरा उतरला, हे नाकारता येणार नाही. एक क्षण ते बापाच्या खुर्चीत बसलेल्या शाळकरी पोरासारखे दिसले. मग त्यांनी कागद आणि रोजनिशी शेजारच्याला दिली. हातोहात फिरून ती पुन्हा नक्कलपुढं आली.

"बाई," ते म्हणाले, "हे लिहिलं कोणी?"

"बाबांनी. त्यांचं अक्षर आहे."

"आणि तुमचं अक्षर कसं आहे?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती गार पडली.

"मी आरोप करत नाही," ते घाईनं म्हणाले. "पण उद्या कुणी विचारलं तर? अख्ख्या गावाला ठाऊक आहे की दोघांचं अक्षर एकच आहे. तुम्ही दमला आहात. घर सुटतंय, वडील गेलेत. अशा वेळी माणसाच्या मनात काहीबाही येतं. माझे वडील आज उत्तर द्यायला नाहीत, तुमचेही नाहीत. वहीत जे आहे ते सगळ्या पंचांच्या सह्यांनिशी आहे. पुस्तकात ते तसंच जाईल."

तिनं नव्या पाळकांकडे बघितलं. ते टेबलाची कड नखानं घासत होते. "अशा गोष्टी देवाच्या हाती सोडाव्यात," ते अखेर म्हणाले.

"मग मुलीचं नाव तरी बाप्तिस्म्याच्या वहीत घाला. एक ओळ."

"बाई, जो बाप्तिस्मा झालाच नाही त्याची नोंद मी कशी करू?" नवे पाळक खरोखरच दुखावल्यासारखे दिसले. "ती खोटी नोंद होईल."

"हे कागद समितीकडे सुरक्षित राहतील," धाकटे गिरणीवाले म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. आणि नक्कलनं ते दिले. कुणी हिसकावले नाहीत, कुणी आवाज चढवला नाही. आयुष्यभर कुणी कागद मागितला की द्यायचा याची तिला सवय होती, हात आपसूक पुढं झाला. जिन्याच्या मध्यावर आल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. ती परत वर गेली. शिपाई म्हणाला, "साहेब कामात आहेत."

बाप्तिस्म्याची जुनी वही मात्र अजून तिच्याकडेच होती. चरित्रात आकडे घालायचे म्हणून शनिवारपर्यंत घरी ठेवायची परवानगी होती. शुक्रवारी दुपारी तिनं ती उघडली. त्या वर्षीच्या पानाच्या तळाला दोन बोटं जागा कोरी होती. तिनं जुन्या नोंदींची शाई निरखली, तशी फिकी शाई पाणी घालून तयार केली, आणि मुलीचं नाव, आईचं नाव, तारीख असं बाबांच्या अक्षरात लिहून टाकलं. ओळ वाळली तेव्हा ती इतकी खरी दिसत होती की तिला स्वतःलाच भीती वाटली. मग वही चादरीत गुंडाळून ती पुलाखाली गेली.

धुणेवाली दारात बसून चादरी पिळत होती. नक्कलनं वही तिच्या मांडीवर उघडून धरली, बोट ठेवून ती ओळ वाचून दाखवली. धुणेवालीनं ओला हात कपड्याला पुसला, कोरडा झाला की नाही ते गालाला लावून बघितलं आणि मग बोटाचं टोक त्या नावाला लावलं. नक्कलला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

"वरच्या ओळी त्यानं लिहिल्यात?" धुणेवालीनं विचारलं.

"हो."

"आणि ही तू?"

"हो. पण कुणाला कळणार नाही. अगदी त्यांच्यासारखंच काढलंय."

धुणेवालीनं हात मागं घेतला. "म्हणजे पुढं कुणी वाचलं तर म्हणेल, पाळकानं लिहिलं."

"हो."

"पूस ते."

"अहो, पण..."

"पूस म्हणते ना! त्यानं लिहिलं नव्हतं. मी दोनदा त्याच्या दारात उभी राहिले आणि त्यानं लिहिलं नव्हतं. आता मेल्यावर तू त्याला भला माणूस करून ठेवतेस? माझ्या पोरीच्या नावावर? तुझ्या अक्षरात लिहायचं होतंस."

"माझं वेगळं अक्षर नाही," नक्कल म्हणाली. हे तिनं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

धुणेवालीच्या डोळ्यांत दया वगैरे काही आली नाही. तिनं वही मिटली, मांडीवरून उचलून तिच्या हातात दिली आणि पिळायची चादर पुन्हा हातात घेतली.

घरी येऊन नक्कलनं चाकूच्या टोकानं ती ओळ खरवडली. शाई कागदात मुरली होती. खरवडता खरवडता कागद इतका पातळ झाला की मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली. शनिवारी वही परत गेली आणि नव्या पाळकांनी ते पान तासाभरात शोधून काढलं. त्यांना बहुधा तसा संशय होताच. चर्चच्या नोंदवहीत खाडाखोड! पंचांनी तिला बोलावलंही नाही. सोमवारी शाळेच्या शिपायानं चिठ्ठी आणून दिली. बालवर्गासाठी दुसरी व्यवस्था केली आहे, आजवरच्या सेवेबद्दल आभार. वर्गातली तिची छत्री आणि खडूचा डबाही त्यानं सोबतच आणला होता.

पाळकांचं घर सुटलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावर तिला एक खोली मिळाली. सरसाचा वास जिन्यातून वर यायचा आणि उशीत मुरायचा. चार घरच्या मुलींना ती लिहायला शिकवायची. भावाला तिनं सगळं सविस्तर कळवलं, आठ पानं भरून. चार महिन्यांनी उत्तर आलं. त्यात त्यानं तब्येतीला जप म्हटलं होतं, जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होत नाही म्हटलं होतं, आणि चरित्राच्या दोन प्रती पाठवायला सांगितलं होतं.

चरित्र वर्षाअखेरीस निघालं. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पाळकसाहेबांचं चित्र. साथीचं प्रकरण वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. त्या एकवीस कबरी त्यांनी खणल्याच होत्या. शाळेच्या प्रकरणात थोरल्या गिरणीवाल्यांच्या दानाबद्दल दोन पानं होती. शिस्तीच्या प्रकरणात धुणेवालीची नोंद आली, नाव गाळून, 'त्या काळच्या लोकांच्या हटवादीपणाचं उदाहरण' म्हणून. प्रस्तावनेत ज्यांचे आभार मानले त्यांत छापखान्याचा फोरमनही होता. ती नव्हती. प्रत तिला कुणी दिली नाही. खालच्या बांधणाऱ्याकडे कुणाची तरी फाटलेली प्रत दुरुस्तीला आली, ती तिनं दुकानात उभ्या उभ्या वाचून काढली.

चर्चला जाणं तिनं सोडलं होतं. त्या लोकांच्या तोंडाकडे बघून स्तोत्रं म्हणणं तिला जमत नव्हतं. ऑर्गन आला, रविवारी गल्लीपर्यंत ऐकू यायचा. ती खिडकी लावून घ्यायची.

आपले कपडे ती आता स्वतःच नेऊन द्यायची, धुणेवालीच्या दारात. त्या दोघींची मैत्री झाली असं नाही. कपडे मोजायचे, दिवस ठरवायचा, निघायचं. एका शनिवारी ती गेली तेव्हा धुणेवाली आपला स्वतःचा काळा झगा इस्त्री करत होती, रविवारचा.

"तुम्ही अजून जाता?" नक्कलनं विचारलं. "चर्चला?"

"जाते की."

"त्या पुस्तकात तुमच्याबद्दल काय छापलंय ते माहीत आहे ना?"

"सांगितलं एकीनं. फार आनंदानं सांगितलं." धुणेवालीनं बाहीची घडी बोटानं दाबली. "माझी जागा आहे तिथं. मागून दुसरा बाक, खांबाशेजारी. पस्तीस-छत्तीस वर्षं बसतेय. मी का सोडू? मी काही केलं नव्हतं." तिनं झगा उचलून उजेडात धरला, एक सुरकुती दिसली, ती पुन्हा इस्त्रीखाली घेतली. "तू का सोडलीस?"

नक्कलनं तोंड उघडलं. बाबांमुळे म्हणावं, की गिरणीवाल्यांमुळे, की त्या पुस्तकामुळे, हे तिला ठरवता येईना. जिन्याच्या मध्यावर रिकाम्या हातांनी उभी असलेली ती स्वतः तिला आठवली, आणि ते तर सांगण्यासारखं नव्हतंच.

"शनिवारी येईन," ती म्हणाली.

"आज शनिवारच आहे," धुणेवाली म्हणाली. "बुधवारी ये. चादरी बुधवारी होतील."

नक्कल पूल चढून वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली तेव्हा तिनं खिडकी उघडी ठेवली होती. गल्लीतून लोक चर्चकडे निघाले होते. काळा झगा घातलेली धुणेवालीही गेली, सावकाश, रस्त्याच्या मधून. तिनं वर बघितलं नाही. नक्कल खिडकीशी उभी राहिली, लोक सरून गल्ली मोकळी होईपर्यंत, आणि मग पाणी तापत ठेवायला आत वळली.